शिराज, पान एकशे बारा

अप्पा बळवंत चौकात, स्पर्धा परीक्षांच्या ढिगाखाली
तीस रुपयांना मिळालं.
शर्टाच्या खिशाएवढं. ओपनरच्या बाजूला बरोबर बसतं.
पहिल्या पानावर कुणाचं तरी नाव, खोडलेलं,
आणि पुढे जगातल्या सगळ्या द्राक्षांची हजेरी,
प्रत्येकाला चार ओळी.
चार ओळींत आमची चाळ सांगून होत नाही,
ह्यांनी फ्रान्स उरकलाय.

कॅप्टन वाघोले म्हणाले, पाठ कर.
गिऱ्हाईक विचारतं तेव्हा छताकडे बघायचं नाही.
म्हणून रामवाडी ते कल्याणीनगर
नगर रोडच्या धुरात मी ओठ हलवत चालतो.
लोकांना वाटतं, जप चाललाय.

ब्लॅककरंट म्हणजे काय, मला माहीत नाही.
वाघोल्यांनाही नाही, ते नुसती मान हलवतात.
मी पेन्सिलीने बाजूला लिहिलं:
करवंद, पण बोटांना डाग न पाडणारं.
गूजबेरी: रायआवळा, मीठ न लावता.
ओला दगड: पाटा, चटणी वाटून धुतल्या धुतल्या.
चामडं: आबांच्या वहाणा, तेल पाजल्या दिवशी.
एका पांढरीपुढे छापलंय, मांजराच्या मुताचा वास.
तिथे काही लिहावं लागलं नाही.
आमच्या जिन्याखाली तो फुकट येतो.

मी स्वतः थेंब घेतलेला नाही.
आमच्या वाटची सगळी आबा पिऊन गेले.
मी नाकाने शिकतो.
रात्री टेबलं उठली की
धुवायला जायच्या आधी एकेक ग्लास तिरका धरायचा,
तळाशी उरलेल्या रुपयाएवढ्या लालात
नाक घालायचं, पान शोधायचं.
कधी जुळतं.
बहुतेकदा लिपस्टिकचा वास येतो.

मागच्या सोमवारी आईने शर्ट भिजत घातला, पुस्तकासकट.
साबणाच्या बादलीतून इटली वर आली, फुगून.
आईला इंग्रजी येत नाही.
बारीक अक्षर, लाल कडा, मधे खुणेची फीत:
तिला वाटलं, कसली तरी पोथीच असणार.
तिने पान न पान सुटं केलं,
कुकरच्या झाकणावर शेकलं,
आणि सरळ व्हायला देव्हाऱ्यात ठेवलं, कापराच्या डबीखाली.
वर दोन बोटं हळदकुंकू.
"नव्या साहेबांनी दिली का?"
एवढंच विचारलं.
मी हो म्हणालो.

चार दिवसांनी काढलं, तर
बोर्दोला कापूर, रिओहाला कापूर,
नाशिकच्या चार ओळींनासुद्धा कापूर.
आता कुठल्याही ग्लासात वाकलो
की आधी आमच्या घरातली सात वाजताची वेळ येते,
द्राक्ष मागून.

शनिवारी सहा नंबरला मेहेरबाई आल्या,
कॅम्पातून, एकट्या, काठी टेकत.
शिराज मागितली. विचारलं, कशी आहे?
मिरी, जांभूळ, धूर,
पाठ केलेलं सगळं ओठांशी होतं
आणि बाहेर आलं, "थोडा कापूर आहे, मॅडम."
वाघोले काउंटरपाशी होते, तिथेच थिजले.
बाईंनी ग्लास नाकाशी नेला. ठेवला. परत नेला.
डोळे मिटून इतका वेळ थांबल्या
की शेजारच्या टेबलाचं बिल येऊन, सुट्टे परत जाऊन,
माणसंही उठली.
"कापूर नाही," म्हणाल्या. "सुखड.
नीट बघ."
आणि ग्लास माझ्याकडे केला.

रात्री पान एकशे बारा उघडलं.
कुंकवाच्या डागाशेजारी थोडी जागा होती.
लिहिलं: सुखड. पुढे प्रश्नचिन्ह.
वाघोल्यांना विचारलं, सुखड म्हणजे कसा वास?
त्यांनी मान हलवली.