दुसरी पाळी

मकरपुऱ्याची दुसरी पाळी संपवून
फतेगंजात पोचेतो
दोघं झोपलेली असतात.
हाताचा ऑइलचा वास साबणाने जात नाही.
तेच हात ठेवतो, आधी तिर्साच्या कपाळावर,
मग आमोसच्या.

मागणं ठरलेलं:
गणितात बुद्धी दे, संगत बरी दे,
तिर्साचा खोकला.
पुढे शब्द सरतात. उभा राहतो नुसता
पंख्याखाली.

ताट वाढता वाढता रूथ सांगते,
आज आमोसने प्रार्थना केली, गुजरातीतून.
पुरात विश्वामित्रीतून सोसायटीत आलेली मगर
पिंजऱ्यात घालून नेली ना,
तिच्यासाठी.
"प्रभु, एने घेर पहोंचाडजे."
मराठीत का नाही रे, तिने विचारलं.
तर म्हणे, मगरीला मराठी कुठे येतं.

हसलो. घास तसाच राहिला हातात.
आमच्या वडिलांनी छडी घेऊन
स्तोत्रं पाठ करून घेतली होती.
अजून येतात सगळी, न अडखळता.
मगरीसाठी कधी काही मागितलं नाही मी.

हात धुऊन परत आत जातो.
आमोसचा पाय चादरीबाहेर.
तो आत घेतो,
आणि त्याचंच वाक्य म्हणतो दोघांवर,
हळू,
माझ्या मोडक्या गुजरातीत.