शंभरात एक

पहिलं पत्र आलं तेव्हा हेमराजभाऊंनी
चष्मा काढून ते मलाच वाचायला दिलं :
शंभर दाण्यांत एक दाणा कारखान्यातला मिसळावा.
लोह, फॉलिक ॲसिड, बी-बारा.
मी दिवाणजी. रोजमेळात लिहिलं :
ब्लेंडर, नग एक. रक्कम बँकेची.

हलरशेजारी ते यंत्र उभं राहिलं,
गावच्या पंगतीत आलेल्या साहेबासारखं,
कशालाही हात न लावता.
धान तेच, चुलबंदीच्या पाण्याचं.
तूस तेच, कोंडा तोच, कनकी तीच.
पोत्यावरचा शिक्का तेवढा नवा.

रेशनचा तांदूळ गावात पोचला
आणि ओसऱ्यांवर सुपं निघाली.
"पलाष्टिक आहे जी हे. पान्यावर तरंगते."
रायवंता दिवसा आमच्याच मिलमध्ये
ब्लेंडरच्या तोंडाशी पोतं धरते,
संध्याकाळी घरी
तेच दाणे वेचून काढते.
शंभरात एक.
तिचा हिशेब माझ्याहून चोख.

"टाकतेस कुठं?"
"कोंबड्याइले."

मग नमुना गेला. अहवाल आला : प्रमाण कमी.
अख्खा लॉट गोदामातून परत,
हमाली दोनदा, भाडं दोनदा.
हेमराजभाऊंनी ट्रकच्या फळीवर तळहात ठेवला,
बैलाचा ताप बघावा तसा.

त्याच आठवड्यात शाळेत शिबिर.
नर्सबाईंनी रायवंताच्या बोटाला सुई टोचली.
सात पॉइंट आठ.
"तांदूळ कोणता खाता?"
"रेशनचाच जी."
खोटं कुठं बोलली ती?
रांगेत मागं मी होतो.
मीही काही बोललो नाही.

दुसरं पत्र चार ओळींचं.
पुढील आदेशापर्यंत मिसळण थांबवावं.
गोदामात कारखान्यातल्या दाण्यांची एकेचाळीस पोती,
त्यांची मुदत पोळ्यापर्यंत.
हप्त्याला मुदत पाच वर्षं.
शिल्लक म्हणून लिहू की नुकसान,
विचारलं, तर हेमराजभाऊ म्हणाले,
पेन्सिलनं लिहा.

काल रायवंता दारात आली.
"थे पोते फेकनार असान, तं एखादं द्या ना जी.
कोंबड्याइचे तुरे पाहा, कसे लाल झाले."
अंगणाच्या काठाशी होत्या चार-पाच.
तुरे खरंच लाल होते.
पदर सावरताना तिची नखं दिसली,
उकडलेल्या तांदळाच्या रंगाची.

ब्लेंडरवर सध्या हमाल
जेवणाचे डबे ठेवतात.
तिसरं पत्र आलं तर डबे हलवावे लागतील,
इतकंच.