तक्रार: काही नाही

भरती ओसरायच्या आत निघायचं,
बोटवाला सांगतो, दर बेटावर, दर बुधवारी,
आणि इर्लांदाबाई दर वेळी मान हलवतात
आणि उशीर करतात.

चिलोएच्या आतल्या समुद्रात एकोणीस घरांचं बेट.
भिंतींना लाकडाचे खवले, माशासारखे.
दोरीवर धुरावलेल्या शिंपल्यांच्या माळा,
चुलीवर किटली,
आणि दोन्या ओर्फेलिना, वय एक्क्याऐंशी,
माते ओतता ओतता सांगतात:
मला काही झालेलं नाही.

मी फॉर्मवर लिहिते. तक्रार: काही नाही.

सगळं पाठ आहे माझं.
बघा, चाचपा, ठोका, ऐका.
पोट असेल तर क्रम बदला, आधी ऐका, मग हात लावा,
हात लागला की आतडी बोली बदलतात.
श्वास मोजताना सांगू नका श्वास मोजतेय म्हणून.
नाडी धरल्याचं नाटक करा, नजर छातीवर ठेवा.
सांगितलं की माणूस नीटनेटका श्वास घेऊ लागतो,
पाहुणे येताना घर आवरावं तसा.

मी मनगट धरते. नाटक करते.
"माझा नवरा," त्या म्हणतात,
थांबतात,
"शिंपल्यांसाठी बुडी,"
थांबतात,
"मारायचा."
अठ्ठावीस.

इर्लांदाबाई अजून बसलेल्याही नाहीत.
त्या बूट बघतायत.
पुरुषी, रबरी, घोट्यापाशी सुरीने उभे चिरलेले.
मग गळ्यातला दोरा. दोऱ्यात अंगठी.
पन्नास वर्षं बोटात होती ती,
ऑगस्टमध्ये साबण लावून काढावी लागली.

"झोपताना उश्या किती घेता?"

उशी कसली, त्या हसतात.
हिवाळा लागल्यापासून पलंगावर जातच नाही मी.
ही खुर्ची, ही चूल.
पलंगाची त्याची बाजू फार गार असते.

माझा पेन धावला.
शोक, मी लिहिलं. एकाकीपणा.
काय सुरेख सापडलं मला, असं वाटलं,
आणि खोटं कशाला बोलू,
माझेच डोळे भरून आले जरासे.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही.
"आणि आडवं झालं की?"

किटलीचं झाकण थडथडलं.

"आडवं झालं की पाणी वर येतं.
इथपर्यंत."
त्यांनी गळ्याला हात लावला.
"त्याला आलं असेल, तसं."

बाईंनी आधी तळहात चुलीवर शेकून घेतले.
(गार हाताने शिवू नये:
पुस्तकात एवढीच ओळ आहे, चित्राखाली.)
अंगठा नडगीवर दाबला, पाच मोजले, उचलला.
खड्डा तसाच राहिला,
पावाच्या कणकेत राहावा तसा.

मग स्टेथोस्कोप माझ्या कानांत घातला त्यांनी
आणि माझा हात धरून नेला
पाठीवर, खाली, फासळ्यांच्या तळाशी.
लाट मागे जाताना ओल्या वाळूत
बारीक बुडबुडे फुटत राहतात ना,
तशी चुरचुर. दोन्ही बाजूंना.

मी "शोक"वर रेघ मारायला गेले.
"खोडू नकोस," बाई म्हणाल्या. "तेही आहे.
पण पाणी वर लिही."

भोंगा झाला. परत एकदा झाला.
स्ट्रेचर बोटीतच राहू दिलं,
त्यांना आडवं करायचं नव्हतं.
दोघांनी खुर्चीसकट उचललं,
मांडीवर शाल, शालीत दातांची डबी.
दारात त्यांनी माझं मनगट पकडलं, घट्ट.
मला वाटलं, आशीर्वाद.

"कोंबड्या," त्या म्हणाल्या.

फॉर्मवर कोंबड्यांचा रकाना नाही.
बोट हलत होती, म्हणून समासात, वाकड्या अक्षरात:
कोंबड्या पाच. एक खुडूक.
शेजारच्या नोल्बेर्तोला सांगितलं आहे.
श्वास, बसलेल्या स्थितीत, सव्वीस.