दर दोन तासांनी एक थेंब

आत्याबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं बुधवारी.
दर दोन तासांनी एक थेंब,
मग पाच मिनिटं डोळा मिटून पडायचं.
फ्रिजवर मी कागद चिकटवलाय:
आठ, दहा, बारा, दोन.
बुवांनी असेच पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतचे राग
वहीत लिहून दिले होते,
शुक्रवार पेठेतल्या जिन्याखालच्या खोलीत.

धारवाडहून फोन आला तेव्हा दहाचा थेंब व्हायचा होता.
एकवीस तारीख, रात्रीची बैठक, शेवटचं गाणं माझं.
"पत्रिकेत नाव कोणतं घालू?
उज्ज्वला शेळके, का उज्ज्वला चौगुले?"
मी म्हटलं, कळवते.

कुणी अडवलं असतं तर बरं झालं असतं.
सर्जेराव उद्यमनगरातनं येतात, हाताला लेथचं तेल,
म्हणतात, "जा की. आम्ही काय उपाशी मरतोय व्हय?"
आणि खरंच मरत नाहीत.
मागं सांगलीला गेले तेव्हा
बापलेकींनी दोन्ही वेळा मिसळ आणून खाल्ली.
परत आले तर ओटा लखलखीत पुसलेला,
फक्त कट सांडला तिथं एक लाल डाग.
तो अजून आहे.

लोकांना वाटतं, घर म्हणजे पिंजरा.
मला दुपारचे तीन आवडतात.
भांडी पालथी. आत्याबाईंचा श्वास.
गल्लीत कुणीतरी चादर झटकतंय.
आणि माझ्यात एक स्वर नुसता बसून असतो,
त्याला कुठंही जायचं नसतं.
हे कुठल्या स्टेजवर मांडू?

पण स्टेजही खोटं नाही.
सांगलीला मारव्यात धैवतावर थांबले होते.
षड्ज समोर दिसत होता, गेले नाही त्याच्याकडे.
माणसं श्वास धरून.
तेवढा वेळ मी कुणाची आई नव्हते,
मला भूक नव्हती, गुडघा दुखत नव्हता.
येताना एसटीत लाज वाटली त्याची.
लाज वाटली, आणि हातकणंगले येईस्तोवर
पुन्हा हवंसं वाटलं.

तानपुरा कणगीमागं, गवसणीत.
दिवाळीत मिरजेहून जवारी काढून आणला.
कणगीत असते तीही जवारीच,
आत्याबाई दोन्हीला एकाच आवाजात विचारतात,
"किडली न्हाई न्हवं?"

संध्याकाळी गंगावेशीत गेले दुधाला.
कट्ट्यापाशी म्हशी उभ्या,
तालमीतली पोरं पेले धरून.
गवळ्यानं माझी चरवी गुडघ्यात घेतली.
पहिली धार पितळेवर ठणकन वाजली,
दुसरी, तिसरी, मग फेस,
मग आवाज मऊ होत होत खाली गेला
आणि चरवी भरली तेव्हा काहीच ऐकू येईना.
मी पैसे द्यायचे विसरले.
"ताई," तो म्हणाला, "कुठं हाय लक्ष?"

आठचा थेंब.
आत्याबाईंनी मान मागं टाकली, पापणी मी वर धरली.
"गुणगुणू नगंस," त्या म्हणाल्या, "हात हालतोय तुजा."
मला माहीतच नव्हतं मी गुणगुणतेय.
थेंब गालावर पडला, ओघळून कानापाशी गेला.
दुसरा नीट टाकला.
मग पाच मिनिटं त्या डोळा मिटून,
मी तोंड मिटून.
चौथ्या मिनिटाला त्याच म्हणाल्या,
"मघाचं काय हुतं ते? आर्धंच ठेवलंस."