निवड नाही

संध्याकाळी सातनंतर गंगापूर रोडच्या कॉलेजात
दुसऱ्या मजल्यावर आमचा एकच दिवा असतो, तोही लाल.
झुरळांना लाल दिसत नाही.
त्यांच्या लेखी अंधार असतो
आणि आम्ही नसतोच.

बरणीच्या काठाला आतून व्हॅसलिन,
अंड्यांचे रिकामे ट्रे, त्यांच्या चाळी,
पाठीवर माझ्या नेलपॉलिशने घातलेले नंबर.
जानेवारीत पारा सातवर आला की ती मंदावतात,
मग गांगुर्डे बरणीशेजारी साठचा बल्ब लावतो
आणि स्वतःचे हातही तिथेच शेकतो.
तोच आणतो त्यांना, भद्रकालीतल्या एका फरसाणवाल्याच्या मोरीतून,
झाकणाच्या डब्यात, बसने.
कुणी विचारलं तर सांगतो, औषध आहे.

दोन दिवस उपास. फक्त ओला कापूस.
मग काचेची नळी, पुढे दुभंगलेली, बेचकीसारखी.
एका फाट्यात वास, दुसऱ्यात कोरी हवा.
पाच मिनिटं.

मनुका, पिंपळगावच्या: चाळीसपैकी एकतीस.
शिळी पोळी: तेहतीस.
कांदा: नऊ.
गांगुर्डे म्हणाला, लासलगावचा भाव ऐकला असेल.
मिसळीची तर्री, कागदावर दोन थेंब:
आधी मिशा झटकन मागे,
मग जरा विचार करून, सव्वीस.

यातलं मला काहीच येत नाही.
दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझं नाक गेलं.
म्हणजे अब्रू नाही. नाक आहे जागेवर,
चष्मा त्यावरच टेकतो.
उतू जाणारं दूध मला आवाजाने कळतं,
नासलेलं कळत नाही.
माझा डबा आधी मुलगा हुंगतो, आठ वर्षांचा,
आणि मोठ्या माणसासारखी मान हलवतो.

विसपुते सरांना सांगितलेलं नाही.
वासाच्या प्रयोगात वास न येणारी बाई,
झुरळ झटकावं तसं झटकलं असतं त्यांनी.
म्हणून लेबलं मी दोनदा लिहिते
आणि झुरळांवर विश्वास ठेवते.

सतरा नंबर, मादी.
नळीत सोडली की आधी एक मिशी तोंडाशी ओढते,
मुळापासून टोकापर्यंत साफ करते,
वाचायच्या आधी कुणी चष्मा पुसावा तशी.
मग दोन मिशा दोन दिशांना.
हवेत कुठे काय लिहिलंय ते ती वाचते,
मी तिला वाचते.

शुक्रवारी दोन बाटल्यांची लेबलं खाली पडलेली.
आमच्याच पळालेल्या आठ नंबरने
रातोरात गोंद खाल्ला होता.
एकात मनुकांचा अर्क, एकात नुसतं पाणी,
दोन्ही सारख्याच पिवळट काचेच्या.
कुणीही झाकण उघडून सांगितलं असतं.
मी दोन्ही उघडल्या.
थंड. आणि थंड.

मग सतराला सोडलं.
तिने मिशी पुसली. दुसरी पुसली.
बेचक्यात बसून राहिली.
एक मिनिट, तीन, पाच.
वहीत लिहिलं: निवड नाही.

गांगुर्डे मफलर विसरला म्हणून परत आला होता.
दारात किती वेळ उभा होता कुणास ठाऊक.
काही न विचारता त्याने डावी बाटली नाकाशी नेली, ठेवली,
उजवी उचलली आणि माझ्या हातात दिली.
ही, ताई.
तेवढ्यात सतरा उठली
आणि कोऱ्या हवेच्या फाट्यात चालत गेली, शांतपणे.
सहाव्या मिनिटाला आमच्याकडे रकाना नाही.

सोमवारी सगळ्या बाटल्यांच्या गळ्यात दोरे.
मनुकांना एक गाठ, पोळीला दोन,
तर्रीला तीन, कांद्याला चार,
पाण्याला नुसता दोरा.
डोळे मिटूनही कळाव्यात अशा जाड गाठी.
मी त्याच्याकडे बघितलं.
तो बल्बपाशी हात शेकत होता.
म्हणाला, लेबलं झुरळं खातात ना, ताई,
म्हणून आपलं बांधलं.