एकोणीस महिने

बिबवेवाडीत, अप्पर डेपोच्या अलीकडच्या औषधांच्या दुकानात
आफरीन आत्तार
पैसे घेता घेता थांबली.
'काकू, या दोन्ही तुमच्याच?'

म्हटलं, एक माझी. एक शेजारणीची.
पन्नाशी उलटली तरी
खोटं बोलताना माझे कान तापतात.
तिनं दोन्ही स्ट्रिप काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या
आणि मागच्या गिऱ्हाइकाला आधी मोकळं केलं.

टॅमॉक्सिफेन सगळ्यांना माहीत आहे.
गाठ काढली तेव्हा भावकी मोसंबी घेऊन आली,
मार्केट यार्डातल्या आमच्या गाळ्यावर
शेठनी हमालांना बजावलं, बाईंना जड उचलू देऊ नका.
(वहीपेक्षा जड मी कधी काही उचललेलं नाही.)
स्तनाचा कॅन्सर आता चारचौघांत सांगता येतो.

दुसरी गोळी कुणाला ठाऊक नाही.
ती शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीत.
तिचा डॉक्टर टिळक रोडला, दुसऱ्या मजल्यावर.
जिन्यात ओळखीचं कुणी भेटलं
तर दाढ दुखतेय म्हणायचं.
फाइल वेगळी, पिशवीही वेगळी.
सव्वीस वर्षं गुळाच्या अडतीचा हिशोब लिहिते मी,
दोन वह्या ठेवणाऱ्याला काय म्हणतात
मला चांगलं माहीत आहे.

आफरीननं आतलं स्टूल दिलं.
ही टॅमॉक्सिफेन पोटात जाते तेव्हा कच्ची असते, म्हणाली,
यकृतातलं एक एन्झाइम तिला पक्की करतं.
आणि तुमची ही पॅरॉक्सेटिन
त्याच एन्झाइमला अडवून धरते.

मला गुळाच्या पलीकडे काही कळत नाही.
म्हणजे रस काहिलीत आहे, मी म्हटलं,
आणि कुणीतरी चुलवण विझवतंय?
ती उरुळीची निघाली. मामाचं गुऱ्हाळ होतं.
'विझवत नाही. जाळ बारीक करतंय.
पण मनानं बंद करू नका हं, काकू.
दोन्ही डॉक्टरांना दोन्ही सांगा.'

एकोणीस महिने
रोज रात्री पाण्याच्या एकाच घोटाबरोबर
एकीनं जगण्याची सोय केली मी
आणि दुसरीनं जगावंसं वाटण्याची.
आत त्या दोघी
एका चुलीवरून भांडत होत्या.

कॅन्सरच्या डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.
काही अभ्यास म्हणतात फरक पडतो,
काही म्हणतात, नाही.
मग गेल्या एकोणीस महिन्यांचं काय धरायचं?
'सांगता येणार नाही.'
आमच्यात याला उचंत खातं म्हणतात.
जमा नाही, नावेही नाही,
मेळ लागेपर्यंत नुसतं पुढच्या पानावर ओढायचं.

आता जुनी गोळी हळूहळू उतरवतायत.
अर्धी. मग पाव.
मान वळवली की डोक्यात
बिघडलेल्या ट्यूबसारखं चर्र होतं,
सातारा रोडच्या दुभाजकाशी
दोन सिग्नल जाऊ देते.
व्हेन्लाफॅक्सिन सुरू झालीय,
ती म्हणे त्या एन्झाइमच्या वाटेला फारशी जात नाही.
रात्री दोनला छातीतून उसळणारी वाफ
थोडी कमी आहे.
सकाळ मात्र अजून अवघड.
पाय खाली ठेवायला
फरशीची मनधरणी करावी लागते.

काल निनादला सांगितलं.
तो लॅपटॉपमध्ये होता.
'दुसरी कशाची?'
मनाची.
'कधीपासून?'
तुझे बाबा होते तेव्हापासून.
नाही, त्याच्याही आधीपासून.

त्यानं स्क्रीन मिटली.
काही बोलेल म्हणून मी थांबले.
तो उठला
आणि पंखा दोनवरून चारवर केला.