सात नंबरचं मशीन

हेझेल फोर्क, केंटकी. दोन डोंगरांच्या फटीत
माझी नाण्यांवर चालणारी लाँड्री.
दर शनिवारी ओलीटा यायची,
कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत घरभराचे कपडे,
नेमकं सात नंबरचं मशीन,
आणि काउंटरवर क्वार्टरची चवड:
धुण्यापुरती. वाळवण्यापुरती कधीच नाही.
ओली ओझी पिकअपमध्ये टाकून ती घाट चढायची.
जानेवारीत दोरीवरच्या जीन्स
दारासारख्या ताठ व्हायच्या म्हणे.

मग कुणीतरी पैसे पाठवायला लागलं.
महिन्याला पाचशे, वर्षभर.
"कशासाठी, ते विचारलंच नाही," ती म्हणाली,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जणू आता मी विचारीन.
विचारलं नाही.
मनात हिशेब मांडलाच, खोटं कशाला बोलू.

त्या शनिवारी ड्रायर पूर्ण वेळ फिरला.
सायलस काचेला गाल लावून बसला;
आत एक मोजा वर जायचा, पडायचा.
जूनीने गरम टॉवेल तोंडावर धरला
आणि बराच वेळ काढला नाही.

एप्रिलपासून येणं बंद.
कुणाचं तरी जुनं मशीन घेतलंय, कळलं,
पाइप नवऱ्यानेच जोडला.
गल्ल्यात आठवड्याला साडेपाच डॉलर कमी.
नुकसानच की.
तरी ते मोजताना मला हसू येतं.

काल आली, एकच गोधडी घेऊन.
"घरच्यात मावत नाही."
नोट दिली, उरलेली चिल्लर
न मोजता खिशात टाकली.
दारापर्यंत गेली. थांबली.
खिशातून काढून मोजली.
"अजून चारच महिने," म्हणाली.